उमेदीची कमान

शाळेच्या सलग एकविसाव्या दिवशी माझी मुलगी कमानीखालून गेली आणि माझ्या हातातल्या टॅबवर तिच्या नावापुढे लाल ठिपका उमटला. एकवीस दिवस लाल म्हणजे नियमाप्रमाणे 'विश्रांती गट'. सहा आठवडे समुपदेशन, रोज अर्धा तास शांत संगीत आणि कुठल्याही स्पर्धेत उतरायला बंदी. उर्वीची राज्य पातळीवरची रस्सीखेच स्पर्धा बारा दिवसांवर आली होती आणि दोरीच्या टोकाला कमरेशी वेढा घेऊन उभी राहणारी, सगळ्यांत मागची गडी तीच होती.

मी तेव्हा फाटकावरच उभी होते. विट्याच्या ज्ञानगंगा कन्या विद्यालयात मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते आणि 'उमेद' योजनेची शाळेतली समन्वयकही मीच आहे. शाळेत उर्वी मला इतर मुलींसारखं 'बाई' म्हणते.

"काय बाई, आज पण मी दुःखी का?" जाता जाता तिनं विचारलं, आणि ते इतक्या मोठ्यानं की मागच्या चार पोरी फिदीफिदी हसल्या.

ठिपका गुप्त असतो असं परिपत्रकात लिहिलंय. पण प्रार्थनेनंतर कोणाकोणाला बाजूला बोलावतात हे सगळ्या शाळेला दिसायचं. झाकली मूठ कसली, चांगला उघडा पंजाच होता तो.

कमान काय करते ते आधी सांगते, कारण पेपरात तिच्याबद्दल भलतंसलतं छापून आलं. ती मनातलं वाचत नाही. तिच्या दोन्ही खांबांत अगदी कमी ताकदीचे रडार बसवलेत. मुलगी मधून सहा-सात पावलं चालते तेवढ्यात तिची चाल मोजली जाते. पाऊल किती लांब पडतं, हात किती हलतात, डोकं दर पावलाला किती वर-खाली होतं, अंग डावी-उजवीकडे किती झुलतं. मन खचलेल्या माणसाची चाल बदलते, हे जुनं संशोधन आहे. हात आखडतात, चालीतली उसळी जाते, अंग बाजूंना जास्त झुलायला लागतं. लांबून येणाऱ्या माणसाकडे बघून आपण नाही का म्हणत, "ह्याचं काहीतरी बिनसलंय"? कमान तेच आकड्यांत म्हणते.

पण कुठली चाल आनंदी आणि कुठली दुःखी हे यंत्राला जन्मतः ठाऊक नसतं. ते शिकवावं लागतं. त्यासाठी हजारो मुलींची चाल आणि त्यांनी स्वतःबद्दल दिलेली उत्तरं शेजारी शेजारी ठेवून यंत्राला दाखवतात आणि यंत्र त्यातून आपले ठोकताळे बांधतं. ही उत्तरं फॉर्मवर घेतली होती. जिल्ह्यात सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त फॉर्म माझ्या शाळेनं दिले. सहाशे चाळीस फॉर्म, नऊ दिवसांत. त्याबद्दल मला शाल-श्रीफळ मिळालं आणि त्याचा फोटो मुख्याध्यापिका साळुंखे मॅडमच्या खोलीत टांगलाय.

लाल ठिपक्याचं मला आश्चर्य वाटलं नव्हतं, हे कबूल करते. उर्वी जाड आहे. हा शब्द तिला चालतो, मलाच चालत नसे. मी 'दणकट' म्हणायचे, 'अंगानं भरलेली' म्हणायचे, पाहुण्यांत 'आता उंची वाढली की होईल नीट' म्हणायचे. सोळा वर्षांची मुलगी एवढं वजन घेऊन वावरते म्हटल्यावर आतून दुःखी असणारच, ती दाखवत नसेल इतकंच, असं मी धरून चालले होते.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर मी विषय काढला.

"मन मोकळं कर गं. आईशी नाही बोलणार तर कुणाशी बोलणार?"

"बोलते की. माझ्या मनात राग आहे."

"रागाच्या खाली दुःखच असतं, बाळा." हे वाक्य आम्हाला योजनेच्या प्रशिक्षणात शिकवलं होतं.

"माझ्या रागाच्या खाली अजून राग आहे. खणून बघ."

उर्वीचे बाबा हसले. त्यांची कोंबड्यांची दोन शेड आहेत आणि जगातला कुठलाही प्रश्न ते तिथूनच सोडवतात. "माझ्या शेडात पक्षी वजन धरीना झाला की मी डॉक्टर बोलावतो," ते म्हणाले, "आणि तुझ्या शाळंत वजन धरलं की डॉक्टर येतोय. पोरगी हसती, खेळती, दोन भाकऱ्या खाती. कसलं आलंय दुःख?"

"तुम्ही गप्प बसा हो. शास्त्र आहे ते."

"शास्त्र?" उर्वीनं ताट बाजूला सरकवलं. "समुपदेशक ताईंना मी सांगितलं, मी मजेत आहे. त्यांनी लिहिलं, 'विद्यार्थिनी दुःख नाकारते.' मग मी चिडले. त्यांनी लिहिलं, 'चिडचिड वाढली आहे.' हो म्हटलं तर दुःखी, नाही म्हटलं तर जास्तच दुःखी. तुमच्या शास्त्रात सुखी माणसानं काय बोलायचं असतं, तेवढं सांग."

मी भाकरीची टोपली झाकून ठेवली.

"आणि मला एक कळत नाही, आई. ही कमान अगदी तुझ्यासारखी का बोलते?"

"माझ्यासारखी म्हणजे?"

"लग्नातल्या फोटोत मला मागच्या रांगेत कोण उभं करतं? तीन वर्षं मला काळ्या रंगाशिवाय ड्रेस कोणी घेतलाय? मी तिसरी चपाती मागितली की तू माझ्या तोंडाकडे बघत नाहीस, ताटाकडे बघतेस. आणि वर विचारतेस, बाळा, तू दुःखी आहेस का?"

"तुझ्या भल्यासाठीच करते ना मी?"

"तेच म्हणते मी. कमान पण भल्यासाठीच आहे."

ती उठून हात धुवायला गेली. मला फार लागलं ते. इतकं लागलं की रात्रभर मी तिचाच दोष शोधत राहिले, आणि सापडला नाही म्हणून सकाळी आणखी चिडले.

त्या शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर कमानीची तपासणी करायला पुण्याहून रेश्मा मुजावर आली. ती माझीच विद्यार्थिनी, दहा वर्षांपूर्वीची. आता कमानीचं गणित बसवणाऱ्या कंपनीत इंजिनियर आहे. मी तिला म्हटलं, "बघ बरं, यंत्र बिघडलंय का." खरं तर ते बिघडलेलं नाही हे तिनं सांगावं आणि मी ते घरी जाऊन उर्वीला सांगावं, असं माझ्या मनात होतं.

तासाभरानं तिनं हाक मारली. "बाई, यंत्र चोख आहे. पण हे बघा."

लॅपटॉपवर आमच्या शाळेतल्या सगळ्या मुलींचे ठिपके होते, आरोग्य तपासणीत नोंदलेल्या वजनाप्रमाणे डावीकडून उजवीकडे मांडलेले. डावीकडे सगळं हिरवं. उजवीकडच्या सदतीस मुली लाल.

"एकही जड मुलगी हिरवी नाही," रेश्मा म्हणाली. "आणि एकही बारीक मुलगी लाल नाही. बाई, आपल्या वर्गात किती बारीक पोरी रडक्या होत्या! माणसांत असं कधी असतंय का? जड माणूस चालताना बाजूंना जास्त झुलतोच, आनंदात असला तरी. मुलींनी आपलं आपण खरं लिहिलं असतं ना, तर यंत्र हा फरक शिकलं असतं. झुलणं वजनाचं कुठलं आणि मनाचं कुठलं, ते त्याला कळलं असतं. ते शिकलंच नाही. कारण ज्या मुली जड, त्यांच्या फॉर्मवर झाडून सगळं दुःखच लिहिलंय." ती माझ्याकडे वळली. "बाई, फॉर्म मुलींनी कुठं बसून भरले?"

मी लॅपटॉपवरचे लाल ठिपके मोजायला लागले.

"वर्गात ना? एकेकटीनं? तशी सूचना होती."

सूचना होती हे मला माहीत होतं. पण जानेवारी होता, परीक्षा तोंडावर होत्या, वरून रोज फोन येत होते. आणि संक्रांतीचं हळदीकुंकू शाळेनं ठेवलंच होतं. पाचशेच्या वर आया हॉलमध्ये आयत्या जमणार होत्या. मुलींना काय कळतंय, आईला विचारूनच भरणार त्या, मग आईनंच भरलेलं काय वाईट? त्या वर्षी वाण म्हणून आम्ही पेन लुटलं, आणि त्याच पेनानं तिथंच फॉर्म भरून घेतले. एका हातात तिळगूळ, मांडीवर फॉर्म. बायका एकमेकींच्या फॉर्मात डोकावत होत्या. "तुझीचं अंग सुटलंय गं यंदा." "होय बाई, घोरच लागलाय." "पुढं स्थळं बघताना अवघड जाणार." असं बोलत बोलत, कुंकू लावून घेत घेत त्यांनी खुणा केल्या. आल्या नाहीत त्यांचे फॉर्म मी घरी पाठवले. आणि मला शाल मिळाल्यावर बाकीच्या शाळांनीही माझाच कित्ता गिरवला.

हे सगळं मी रेश्माला सांगितलं. ती लहानपणी चूक पकडली की जशी खाली बघायची, तशीच खाली बघत होती, फक्त या वेळी चूक माझी होती.

"म्हणजे यंत्र मुलींची मनं शिकलंच नाही," ती म्हणाली. "आयांचा घोर शिकलं."

"सिद्ध कसं करायचं?" मी विचारलं. कितीही झालं तरी मी विज्ञान शिकवते.

"तुम्ही चाला."

"मी?"

"चाला तर खरं."

मी कमानीखालून चालले. हिरवा. माझं वजन बावन्न किलो आहे. एकोणीस वर्षांची असताना मला बघायला आलेल्या एका बाईनं जाताना दारातच म्हटलं होतं, "मुलगी चांगली आहे, पण अंगानं जरा जास्तच आहे." त्या दिवसापासून मी रात्रीचं पोटभर जेवलेले नाही. सत्तावीस वर्षं झाली. कुठल्याही समारंभात मी आधी दुसऱ्या बायकांचे दंड बघते आणि मग माझे. अशा बाईला कमानीनं हिरवा ठिपका दिला. सुखी, समाधानी, आत्मविश्वास उत्तम.

मग रेश्मानं खेळाच्या खोलीतून वाळूच्या पिशव्या आणल्या आणि पंचवीस किलो वाळू माझ्या कमरेला, पोटाला, मांड्यांना ओढण्यांनी बांधली. मी पुन्हा चालले. लाल.

पिशव्या सोडल्या. हिरवा. बांधल्या. लाल. आम्ही सहा वेळा केलं. बाई तीच, दुपार तीच, मन तेच.

"बाई, हे बाहेर काढलं तर तुमचं नाव येईल," रेश्मा पिशव्या उचलता उचलता म्हणाली. "माझं पण येईल, मी तपासायला हवं होतं. मी लिहून देणार आहे. तुम्ही काय करायचं ते तुम्ही ठरवा."

सोमवारी साळुंखे मॅडमच्या खोलीत बैठक बसली. योजनेचे जिल्ह्याचे अधिकारी आले होते. रेश्माचा अहवाल त्यांच्यासमोर होता, पण त्यात फॉर्म कोणी आणि कसे भरून घेतले हे नव्हतं. ते तिनं माझ्यासाठी सोडलं होतं. उर्वीलाही बोलावलं होतं. ती भिंतीशी उभी राहिली, हाताची घडी घालून.

अधिकारी समजूतदार होते. समजूतदार माणसांची मला आता भीती वाटते. "हे बघा, मोहिते मॅडम," ते म्हणाले, "साठ शाळांत ही योजना चालू आहे. एका अहवालावरून सगळं थांबवता येत नाही. चौकशी होईल, तीन-चार महिने लागतील. पण तुमच्या मुलीची स्पर्धा आहे, ते आम्ही समजू शकतो. तिची नोंद हातानं दुरुस्त करून हिरवी करता येते. आत्ताच करतो. विषय इथंच राहू द्या."

साळुंखे मॅडम माझ्याकडे बघून हळूच मान हलवत होत्या. घे, म्हणत होत्या. आणि मी खोटं कशाला बोलू? मला घ्यावंसं वाटलं. उर्वी स्पर्धेला पुण्याला गेली असती, माझी शाल अंगावर राहिली असती.

"बाकीच्या छत्तीस?" भिंतीकडून आवाज आला.

"त्यांचं चौकशीनंतर बघू, बेटा."

"मग माझं पण चौकशीनंतरच बघा. मला एकटीला हिरवी करू नका. मी कोणाकडं हिरवा मागितलेला नाही. आमच्या संघात अजून दोघी लाल आहेत. त्यांच्याशिवाय दोरी धरून मी काय एकटी झिम्मा खेळू?"

"उर्वी, आवाज खाली," साळुंखे मॅडम म्हणाल्या.

"नाही करणार, मॅडम. खाली केला की तुम्ही 'खचली' म्हणून लिहिता."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. "मॅडम, तुम्हीच समजवा हिला."

मी उभी राहिले. म्हटलं, "साहेब, आमच्या शाळेतले सहाशे चाळीस फॉर्म मुलींनी भरलेलेच नाहीत. हळदीकुंकवाला आलेल्या आयांकडून मी ते भरून घेतले. बाकीच्या शाळांनी माझं बघून तेच केलं. तुमची साठही यंत्रं त्याच फॉर्मांवर शिकलीत."

साळुंखे मॅडमनी डोळे मिटून घेतले.

"म्हणजे तुम्ही खोटी माहिती दिलीत?" अधिकाऱ्यांचा समजूतदारपणा संपला होता. "तुमच्या मुलीच्या फॉर्मवर कोणी लिहिलं?"

"मीच."

त्यांनी संगणकावर तो फॉर्म काढला आणि वाचला. "'मला माझ्या शरीराची लाज वाटते.' उत्तर, 'नेहमी.' 'लोक माझ्याकडे बघतात तेव्हा मला लपावंसं वाटतं.' उत्तर, 'नेहमी.' हे सगळं खोटं?"

मी उर्वीकडे बघू शकले नाही. पण बोलले तिच्यासाठीच.

"नाही, साहेब. त्यात एक अक्षर खोटं नाही. फक्त वरचं नाव चुकलंय. तिथं माझं नाव हवं होतं."

त्यानंतर काय बोलणं झालं ते मला नीट आठवत नाही. चौकशी, शिस्तभंग, वरिष्ठांना कळवावं लागेल, असे शब्द येत होते. चौकशी होईपर्यंत कमान चालूच राहील, असं अधिकारी म्हणाले तेव्हा मात्र मी भानावर आले. योजनेची नियमावली मला तोंडपाठ आहे, ती सगळ्यांना मीच वाटली होती. "नियम चौदा," मी म्हटलं. "'यंत्र सदोष आढळल्यास शाळेच्या समन्वयकाने ते तत्काळ बंद करावे. यंत्र बंद असताना स्पर्धेसाठी वर्गशिक्षकाचा दाखला ग्राह्य धरावा.' अजून मी समन्वयक आहे ना?"

उत्तराची वाट न बघता मी बाहेर पडले, फाटकावर गेले, खांबाचं झाकण उघडलं आणि खटका खाली ओढला. मधल्या सुट्टीत डबे खाणाऱ्या पोरी उठून बघायला लागल्या. मग मी वर्गावर्गात जाऊन सदतीस दाखल्यांवर वर्गशिक्षकांच्या सह्या घेतल्या. दोघांनी कां-कूं केलं. त्यांच्यासमोर मी उभीच राहिले, तेव्हा त्यांनीही केल्या.

उर्वी जिन्यात भेटली.

"लगेच माफ कर म्हणू नकोस," ती म्हणाली.

"नाही म्हणत."

"आणि रडू नकोस. शाळेत आहेस, बाई."

चार दिवसांनी मला कारणे दाखवा नोटीस आली. समन्वयकपद गेलं, फोटो भिंतीवरून उतरला, आणि हळदीकुंकवातल्या कितीतरी बायका रस्त्यात मला बघून पदर सावरत पलीकडून जायला लागल्या. त्यांचंही बरोबर होतं. मी माझं उघडं केलं ते ठीक, पण त्यांचंही केलं होतं. एकीनं मात्र घरी येऊन विचारलं, "तो फॉर्म परत भरायला मिळतोय का? पोरीच्या नावानं नाही, माझ्या." मी तिला बसवलं आणि चहा केला.

स्पर्धेला मी रजा टाकून, स्वतःचं तिकीट काढून गेले. उर्वी माझ्याशी कामापुरतं बोलत होती. पुण्याच्या त्या मैदानावर आधी वजनं घेतात. आठ जणींचं मिळून चारशे ऐंशी किलोंच्या आत बसावं लागतं, म्हणून एकेकीला काट्यावर उभं करून पंच बाई आकडा मोठ्यानं सांगतात आणि शेजारचा माणूस लिहून घेतो. भोवती सगळे संघ, पालक, चहावाले. चोपन्न. अठ्ठावन्न. एकावन्न.

उर्वी काट्यावर चढली. पंच बाईंनी आकडा बघितला, आवाज खाली आणला आणि लिहिणाऱ्याच्या कानाशी वाकल्या. चांगुलपणानंच केलं त्यांनी.

उर्वी खाली उतरली नाही. "मॅडम, बाकीच्यांचं मोठ्यानं सांगितलंत. माझं पण सांगा की."

"अगं, असू दे."

"का असू दे?"

पंच बाईंनी पुढच्या मुलीला हात केला.

"एकोणनव्वद," उर्वीनंच सांगितलं, काट्यावर उभं राहून, मैदानाकडे तोंड करून.

पलीकडच्या संघात कोणीतरी हसलं. माझी मान आपोआप वळली. कोण ऐकतंय, किती जण ऐकतायत, ओळखीचं कोणी आहे का. सत्तावीस वर्षांची सवय आहे ती, एका सोमवारी मोडत नाही. सगळे ऐकत होते. उर्वीनं मला मान वळवताना पाहिलं, आणि तिनं पाहिलं हे मला कळलं.

तेव्हा माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा माझा आवाज आहे, तो मी लावला. "एकोणनव्वद!"

लोक माझ्याकडे वळून बघायला लागले. बघू देत, म्हटलं. आणखी एकदा ओरडले. मग आमच्या संघातली एक पोरगी ओरडली, मग दुसरी. उर्वी हसली नाही, पण काट्यावरून उतरताना तिनं बोटानं मला खूण केली, चालू ठेव.

शिटी वाजली, दोरी ताणली गेली. 'एकोण' म्हटलं की आठही जणी मागे रेलायच्या, 'नव्वद' म्हटलं की टाच रोवून एक पाऊल घ्यायच्या. दुसऱ्या टोकाच्या मुली जोरात होत्या, दोरी दोनदा त्यांच्याकडे सरकली. सगळ्यांत मागे माझी मुलगी दोरीचा वेढा घेऊन जमिनीत रुतून बसली होती, आणि आता ती पुढे तसूभर सरकत नव्हती. मी रेषेशी उभी राहून तिचं वजन ओरडत होते, शेकडो अनोळखी माणसांत, घसा बसेपर्यंत.